विश्लेषण : ना हिमालय, ना समुद्र... तरीही काश्मीर-कन्याकुमारी सायकल मोहिमेत यवतमाळचा दिवस कसोटीचा का ठरतो?

काश्मीर ते कन्याकुमारी सायकल मोहीम म्हटले की दोन फोटो हमखास दिसतात. पहिला श्रीनगरमधला, झेंडा हातात घेतलेला. दुसरा कन्याकुमारीचा, समुद्राकडे पाठ करून सायकल डोक्यावर उचललेला. या दोन फोटोंमध्ये साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटरचा रस्ता असतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. याच मधल्या पट्ट्यात यवतमाळ जिल्हा येतो. इथे मोठा घाट नाही, बर्फ नाही, जगप्रसिद्ध पर्यटनस्थळही वाटेत लागत नाही. पण थकलेल्या शरीराने, लांबलचक चौपदरी महामार्गावर, दहा-बारा जणांना सुखरूप मुक्कामी पोहोचवणे म्हणजे काय, हे अशाच दिवशी कळते. असा एक दिवस नेमका कसा आखला जातो, त्याचे गणित काय असते आणि ते कुठे बिघडू शकते, ते समजून घेऊ.

मार्ग कोणता आणि यवतमाळ कुठे येते?

श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ देशातला सर्वात लांब महामार्ग आहे. त्याची लांबी सुमारे ३,७४५ किमी. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले, त्याआधी आपल्याकडचा हा रस्ता वाराणसी-कन्याकुमारी म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ७ होता. महाराष्ट्रात तो फक्त नागपूर, वर्धा आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांतून जातो.

नागपूरहून दक्षिणेला निघालेल्या गटाचा पहिला मुक्काम बहुधा हिंगणघाटच्या आसपास पडतो. दुसऱ्या दिवशी वडनेर मागे टाकून वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा सुरू होतो. पुढे वडकी, करंजी रोड, पांढरकवडा, पाटणबोरी आणि पिंपळखुटी. मग पैनगंगा लागते आणि तेलंगणा सुरू होतो. हिंगणघाट ते आदिलाबाद हा टप्पा साधारण १२० किमीचा आहे. बहुतेक गट तो एका दिवसात करतात. म्हणजे अख्खा यवतमाळ जिल्हा उत्तर सीमेपासून दक्षिण सीमेपर्यंत एकाच दिवसात पार होतो.

रस्ता सपाट, मग अडचण कुठे?

महामार्गाचा निम्मा टप्पा नागपूरच्या आसपास संपतो. रोज शंभर किलोमीटरच्या हिशेबाने श्रीनगरहून निघालेला गट इथे पोहोचतो, तेव्हा मोहिमेचा विसावा दिवस उजाडलेला असतो. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवट अजून निम्म्या देशाइतका दूर असतो.

शरीराच्या तक्रारीही याच सुमारास वर येतात. सीटवर घासून मांड्यांना फोड येतात. हँडलवर सतत भार पडल्याने करंगळी आणि अनामिका बधिर होतात. सीटची उंची एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरने चुकलेली असली, तरी पहिल्या आठवड्यात न जाणवणारा गुडघा आता बोलू लागतो. एका दिवसात १२० किमी चालवणे तयारीच्या सायकलस्वाराला अवघड नाही. आदल्या एकोणीस दिवसांचे ओझे घेऊन ते चालवणे अवघड असते.

त्यात रस्ता सरळ. घाटात चढ-उतार असतात, वळणे असतात, मन गुंतून राहते. इथे एक लांब उतार, तेवढाच चढ, कापसाचे रान, तुरीचे रान, उड्डाणपूल आणि पुन्हा तेच. लक्ष विचलित होते ते अशा रस्त्यावर. महामार्गावर लक्ष विचलित होण्याची किंमत मोठी असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ३६ टक्क्यांहून अधिक मृत्यू राष्ट्रीय महामार्ग आणि द्रुतगती मार्गांवरचे होते. देशातल्या एकूण रस्त्यांमध्ये या मार्गांचा वाटा मात्र जेमतेम दोन टक्के आहे.

दिवसाचे गणित कसे मांडतात?

मोहिमा साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात निघतात. डिसेंबरअखेरीस या भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आसपास मावळतो. म्हणजे हातात उजेडाचे ११ तास असतात. गटाचा म्होरक्या या ११ तासांकडे बँकेतल्या शिलकेसारखा पाहतो.

समजा, सायकली चालू असतानाचा सरासरी वेग ताशी १८ किमी आहे. मग १२० किमीला ६ तास ४० मिनिटे लागतील. नाश्त्याला ४० मिनिटे, जेवणाला एक तास, दहा-दहा मिनिटांचे तीन थांबे आणि पंक्चर वगैरेसाठी राखीव ४० मिनिटे धरली, तर एकूण थांबे २ तास ५० मिनिटांचे होतात. बेरीज साडेनऊ तास. पावणेसातला निघालेला गट सव्वाचारला मुक्कामी. सूर्यास्ताला अजून दीड तास बाकी.

आता गटातल्या एकाचा गुडघा दुखतो आहे आणि त्याचा वेग ताशी १५ किमीवर आला आहे, असे धरू. तोच रस्ता, तेच थांबे. पण चालवण्याचा वेळ होतो आठ तास. एकूण १० तास ५० मिनिटे. दीड तासाची शिलक दहा मिनिटांवर आली. त्यात एक जादा पंक्चर झाले, की शेवटचे काही किलोमीटर अंधारात, ट्रकच्या दिव्यांसमोर.

वेगातला फरक फक्त तीन किलोमीटरचा आहे. पण दिवसाची सुरक्षितता त्यावर ठरते. म्हणून अनुभवी म्होरके सरासरी वेग काढत बसत नाहीत. सगळ्यात हळू चालवणारा आज किती वेगाने जाऊ शकेल, हा प्रश्न ते आदल्या रात्रीच विचारतात आणि निघण्याची वेळ, थांब्यांची संख्या, मुक्कामाचे गाव त्यावरून ठरवतात.

मग जोरात चालवून वेळ भरून काढता येत नाही का?

इथे भौतिकशास्त्र आडवे येते. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बरीच ताकद हवा कापण्यात जाते. त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो वजन धरून ढोबळ हिशेब केला, तर ताशी २० किमीला साधारण ८० वॉट लागतात. ताशी २५ किमीला हाच आकडा १३५ वॉटच्या घरात जातो. वेग पाव पटीने वाढला, मेहनत मात्र पावणेदोन पटीच्या जवळ गेली. एखादा तास हे जमेल. सहा-सात तास आणि तेही दुसऱ्या दिवशी पुन्हा, हे जमत नाही.

वाऱ्याचाही असाच हिशेब आहे. ताशी २० किमीने जाताना समोरून ताशी १० किमीचा वारा आला, तर जवळपास १४० वॉट लागतात. म्हणजे साधा अंगाला सुखावणारा वारा २५ किमीच्या वेगाइतकी दमछाक करतो. सुदैवाने हिवाळ्यात विदर्भात वारा बहुतेक ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून असतो. दक्षिणेकडे जाणाऱ्यांना तो पाठीवर किंवा डाव्या कुशीवर मिळतो. कन्याकुमारीहून उत्तरेकडे येणाऱ्या गटांना हाच वारा छातीवर घ्यावा लागतो.

गटाने जाण्याचा खरा फायदा इथे दिसतो. पुढच्याच्या मागे राहिले की हवेचा मारा कमी लागतो. याला ड्राफ्टिंग म्हणतात. शर्यतीत चाकाला चाक लावून चालवतात, त्यामुळे बचत मोठी होते. पर्यटनाच्या वेगाला ती कमी असली, तरी दिवसभरात जाणवण्याइतकी असते. ताजेतवाने असलेले दोघे-तिघे आळीपाळीने पुढे राहतात आणि दमलेल्याला मधे घेतात.

रांगेचे नियम काय?

चौपदरी महामार्गावर सायकलची जागा म्हणजे पांढऱ्या पट्टीच्या डावीकडचा डांबरी भाग. त्याला सगळे शोल्डर म्हणतात. तिथे एकामागोमाग एक अशी एकच रांग असते. गप्पा मारत जोडीने चालवणे महामार्गावर बंद. दोन सायकलींमध्ये किमान एक-दोन सायकलींचे अंतर ठेवतात, कारण पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागच्याला वेळ हवा. आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधी आणायचे नाही, हा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम. चाके एकमेकांना घासली की नेहमी मागचा पडतो आणि तो उजवीकडे पडला तर ट्रकच्या वाटेत पडतो.

पुढचा स्वार डोळ्यांचे काम करतो. ‘खड्डा’, ‘काच’, ‘समोरून गाडी’ असे शब्द रांगेतून शेवटपर्यंत ओरडत पोहोचवले जातात. शोल्डरवर काय येईल याचा नेम नसतो. उलट्या दिशेने येणारी दुचाकी, बैलगाडी, शेळ्यांचा कळप, टायर बदलायला थांबलेला ट्रक. डिसेंबर-जानेवारीत जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या ट्रॉल्या. कापूस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला असतो की ट्रॅक्टरची रुंदी पाहून अंदाज बांधणे धोक्याचे. सगळ्यात कठीण जागा अरुंद पुलाची. तिथे शोल्डर आकसते आणि सायकलला मुख्य लेनमध्ये यावे लागते. अशा पुलाआधी म्होरक्या गट थांबवतो, मागची वाहतूक जाऊ देतो आणि मग सगळ्यांना एकत्र पार नेतो.

रांगेच्या शेवटी असतो स्वीप. गटातला सर्वात अनुभवी स्वार पुढे असेल असे वाटते, पण बहुतेक गटांत तो शेवटी असतो. त्याच्या मागे कोणीही राहायचे नाही, हा नियम. स्वीप जिथे आहे, तिथे गटाचे शेपूट आहे, एवढे सगळ्यांना माहीत असले की शोधाशोध टळते.

सोबतची गाडी सायकलींच्या मागे रांगत चालवत नाहीत. ताशी ८० किमीच्या वाहतुकीत ताशी १८ किमीने चालणारी गाडी स्वतःच अपघाताला निमंत्रण असते. ती १५-२० किमी पुढे जाऊन रस्त्याबाहेर सुरक्षित जागी थांबते, सगळ्यांना मोजते आणि पुन्हा पुढे जाते.

पंक्चर इतकी का होतात?

खेड्यातल्या रस्त्यावर बाभळीचा काटा हा सायकलचा जुना वैरी. महामार्गावर त्याची जागा तारेने घेतली आहे. ट्रकचा रेडियल टायर फुटला की त्यातल्या स्टीलच्या बारीक तारांचे तुकडे रस्त्यावर विखुरतात. वाहनांच्या वाऱ्याने ते ढकलले जातात आणि शोल्डरवर साठतात. नेमके सायकलच्या वाटेवर. केसापेक्षा थोडी जाड तार टायरमध्ये रुतून बसते, बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलली आणि तार तशीच राहिली, तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर. म्हणून नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटाने किंवा कापडाने हळूच फिरवून तार शोधतात. हा एक मिनिट वाचवणारे पुढे अर्धा तास घालवतात.

दुसरी अडचण वाल्व्हची. महागड्या सायकलींच्या ट्यूबला अनेकदा प्रेस्टा नावाचा बारीक वाल्व्ह असतो. पेट्रोल पंपावरचा हवेचा पाइप त्याला बसत नाही. बोटाच्या पेराएवढे पितळी अडॅप्टर सोबत असेल, तर काम होते. गावातल्या पंक्चरच्या दुकानात साध्या सायकलची ट्यूब मिळते, पण ती या चाकांना चालेलच असे नाही. त्यामुळे प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लीव्हर आणि छोटा पंप असतोच.

पंक्चर झाले की सगळा गट थांबत नाही. पंक्चरवाला, स्वीप आणि आणखी एक जण असे तिघे थांबतात, तेही पांढऱ्या पट्टीपासून शक्य तितके दूर, मातीवर उतरून. बाकीचे ठरलेल्या पुढच्या थांब्यावर वाट पाहतात.

दिवसभर काय खातात, काय पितात?

असा दिवस रोजच्या जेवणाच्या वर साधारण दोन ते अडीच हजार किलोकॅलरी मागतो. शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर मोजकी असते. भूक लागल्यावर खायचे ठरवले, तर उशीर झालेला असतो. हात-पाय गळतात, चिडचिड होते आणि वेग एकदम पडतो. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे थोडे थोडे खात राहतात. केळे, चिक्की, गूळ-शेंगदाणे, खजूर, संत्री. विदर्भात हिवाळ्यात संत्री स्वस्त आणि मुबलक असतात.

सकाळी पोह्यांवर लालभडक तर्री घ्यायचा मोह नागपूर-हिंगणघाट पट्ट्यात आवरणे कठीण. पण तिखट-तेलकट खाऊन पुढचे तीन तास वाकून सायकल चालवली की पोट तक्रार करते. जाणकार पोहे घेतात आणि तर्री मुक्कामासाठी ठेवतात. दुपारी पांढरकवड्याच्या आसपास वरण-भात, भाकरी, पिठले असे साधे जेवण. पोटभर नाही, पाऊणभर.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसते पाणी पीत राहिले तर घामातून गेलेले मीठ भरून निघत नाही. म्हणून एका बाटलीत साधे पाणी, दुसऱ्यात ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. जानेवारीतल्या दुपारी इथले तापमान तिशीच्या आसपास असते, ते सुसह्य आहे. मात्र मार्चनंतर हाच रस्ता तापतो आणि मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो. तेव्हा दुपारी सायकल चालवणे जिवावर बेतू शकते. कोणाला चक्कर येणे, बोलणे असंबद्ध होणे, अंग तापलेले असणे अशी लक्षणे दिसली, तर सावली, थंड पाणी अंगावर आणि तातडीने दवाखाना. ‘थोडा वेळ बसला की ठीक होईल’ हे वाक्य तिथे चालत नाही.

पाणी आणि स्वच्छतागृहासाठी पेट्रोल पंप हा महामार्गावरचा भरवशाचा आधार. पिण्याचे पाणी, हवा आणि स्वच्छतागृह या सुविधा पंपांनी मोफत देणे अपेक्षित आहे. गटात महिला असतील तर दिवसाचे थांबे पंपांच्या अंतरावर आखले जातात. स्वच्छतागृहाची खात्री नाही म्हणून कमी पाणी पिणे हे महिला सायकलस्वारांच्या त्रासाचे एक मोठे आणि टाळता येण्यासारखे कारण आहे.

अंधाराआधी पोहोचण्याचा आग्रह का?

पहिले कारण अर्थातच वाहने. शोल्डरवर उभा असलेला दिवा नसलेला ट्रक दिवसा अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो. रात्री तो सायकलच्या दिव्याच्या टप्प्यात येईपर्यंत जेमतेम दोन-तीन सेकंद उरतात.

दुसरे कारण या जिल्ह्याचे स्वतःचे आहे. पांढरकवड्याजवळ सुमारे १४८ चौरस किमीचे टिपेश्वर अभयारण्य आहे आणि तिथे वाघांचा वावर आहे. महामार्गावर सायकलस्वाराला वाघ दिसण्याची शक्यता फार कमी. पण पहाटे आणि तिन्हीसांजेला रानडुकरे आणि रोही रस्ता ओलांडतात. दोनशे किलोंची रोही, म्हणजे नीलगाय, अचानक समोर आली तर सायकल काय, कारही वाचत नाही.

लांब पल्ल्याच्या प्रवासाचा विक्रम म्हणायचा, तर तो टिपेश्वरच्याच एका वाघाच्या नावावर आहे. रेडिओ कॉलर लावलेला ‘वॉकर’ नावाचा हा तरुण वाघ २०१९ मध्ये इथून निघाला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोहोचला. नऊ महिन्यांत त्याने तीन हजार किलोमीटरहून अधिक चाल केल्याची नोंद आहे. काश्मीर-कन्याकुमारी अंतराच्या फार मागे नाही.

सीमा ओलांडताना काय बदलते?

पाटणबोरीनंतर दुकानांच्या पाट्यांवर आणि बोलण्यात तेलुगू कानावर येऊ लागते. या जिल्ह्यात मराठीच्या वऱ्हाडी बोलीसोबत गोंडी, कोलामी आणि बंजारा बोलीही आहेत. पैनगंगेचा पूल संपला की पोह्यांची जागा इडली-उपमा घेतात आणि नाश्त्याच्या हॉटेलवर ‘टिफिन’ लिहिलेले दिसते.

गटासाठी हा बदल व्यवहाराचाही असतो. पुढच्या मुक्कामाशी फोनवर कोण बोलणार, दवाखाना लागला तर काय, हे आधी ठरवावे लागते. महामार्गावरील मदतीसाठी १०३३, आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात. ते प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि एका कागदावर सीटखालच्या पिशवीत असायला हवेत. कारण अपघातात फोन फुटतो किंवा त्याला लॉक असते. कागदावर रक्तगट आणि घरचा क्रमांकही लिहितात.

गटाने सायकलवर देश पाहण्याची परंपरा किती जुनी?

मुंबईतून १९२३ मध्ये काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. विदर्भाला अधिक जवळचे उदाहरण बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानाचे. यवतमाळच्या वणी भागाला लागून असलेल्या वरोऱ्यात आनंदवन आहे. तिथल्या बाबांनी २४ डिसेंबर १९८५ रोजी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने शंभरहून अधिक तरुण-तरुणींना सायकलवर सोबत घेतले. मणक्याच्या आजारामुळे बाबांना बसता येत नव्हते. ते वाहनात झोपून यात्रेसोबत गेले. ना गिअरच्या सायकली, ना मोबाइल, ना चौपदरी रस्ता.

अमेरिकेत १९७६ मध्ये स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त ‘बाइकसेंटेनियल’ झाले. चार हजारांवर लोक छोट्या छोट्या गटांत देश ओलांडायला निघाले आणि त्या वाटेवरच्या आडगावांना सायकलस्वारांची सवय लागली. तो मार्ग आजही वापरात आहे.

विक्रमी सायकलिंग ही वेगळी गोष्ट. नाशिकच्या ओम महाजनने २०२० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर ८ दिवस ७ तास ३८ मिनिटांत कापले. दिवसाला सरासरी ४३० किमी. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. अशा मोहिमांमध्ये एका स्वारासाठी अख्खा चमू राबतो. हौशी गटात मात्र प्रत्येकाला एकमेकांचा चमू व्हावे लागते.

सगळ्यात अवघड निर्णय कोणता?

गुडघा दुखणाऱ्या साथीदाराला गाडीत बसायला सांगणे. अनुभवी गट यासाठी एक वेळ आधीच ठरवतात. उदाहरणार्थ, दुपारी साडेतीनपर्यंत पाटणबोरी मागे पडले नाही, तर शेवटचे स्वार गाडीत बसतील. सकाळी ठरलेला नियम असला की तो व्यक्तीवर येत नाही. ऐनवेळी ठरवायला गेले तर अहंकार, लाज आणि ‘एवढ्या लांब आलो ते गाडीत बसायला का?’ हा प्रश्न मधे येतो. संपूर्ण अंतर सायकलवरच करायचा हट्ट एकाचा असतो, पण अंधारात त्याच्यासाठी थांबलेले तिघे असतात.

काही गट यावर सोपा तोडगा काढतात. जिथे सायकल थांबली, त्या किलोमीटरच्या दगडाचा फोटो घेतात. रात्री बर्फाचा शेक, झोप आणि सकाळी गुडघा बरा असेल, तर गाडी त्या स्वाराला आणि त्याच्या एका सोबत्याला पुन्हा त्याच दगडापाशी सोडते. राहिलेले पंधरा-वीस किलोमीटर दिवसाच्या उजेडात पूर्ण होतात. बाकीचे तेवढा वेळ सायकली धुतात, चेनला तेल घालतात, कपडे वाळवतात.

कापूस आणि शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांपुरताच यवतमाळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ताशी १८ किमीच्या वेगाने हा जिल्हा वेगळा दिसतो. वेचणी करणाऱ्या बाया हात उंचावून विचारतात, कुठून आले, कुठे चालले. उत्तर ऐकून हसतात. मुक्कामी मात्र पहिला आलेला स्वार लगेच अंघोळीला जात नाही. तो दारात उभा राहून मोजतो. स्वीप आत आला आणि आकडा जुळला, की त्या दिवसाचे १२० किमी पूर्ण झाले असे धरतात.